एक संगणक, पाच माणसं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मोबाइल फोन आता बऱ्याच घरांत माणशी एक झाला आहे. संगणकाचं तसं झालेलं नाही. तो अजूनही पुष्कळ घरांत एकच असतो आणि घरातली सगळी माणसं तो आळीपाळीनं वापरतात. वडील त्याच्यावर आयकराचं विवरणपत्र भरतात, आई सोसायटीचा हिशेब ठेवते, कॉलेजातली मुलगी प्रोजेक्ट लिहिते, आठवीतला मुलगा गृहपाठ करता करता खेळ खेळतो आणि आजोबा परगावच्या नातीचे फोटो बघतात. माणसं पाच, पण संगणक सुरू केला की पडद्यावर नाव येतं एकच. कधी ते वडिलांचं असतं, कधी दुकानदारानं घातलेलं 'होम' किंवा 'युजर' असतं. त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. पुष्कळदा तो नसतोच.

पाच जणांनी एकाच नावावर काम करायचं, याची किंमत काय पडते आणि ती टाळायची कशी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खातं म्हणजे कपाटातला कप्पा

संगणकावरच्या या नावाला 'युजर अकाउंट' म्हणतात. आपण 'खातं' म्हणू. खातं म्हणजे नुसतं नाव आणि पासवर्ड, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. घरातलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. त्यात प्रत्येकाचा एक कप्पा असतो. संगणकातही तसंच आहे. विंडोज असलेल्या संगणकावर सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स' नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक खात्याचं एक वेगळं फोल्डर तयार होतं. त्या माणसाची कागदपत्रं, फोटो, डेस्कटॉपवरच्या वस्तू, ब्राउझरनं लक्षात ठेवलेली संकेतस्थळं आणि पासवर्ड, सगळं तिथे राहतं. इतकंच काय, अक्षरांचा आकार, मराठीचा कीबोर्ड, माउसचं डावं-उजवं बटण या गोष्टीही खात्यागणिक वेगळ्या ठेवता येतात. आजोबांना अक्षर मोठं लागतं. पण ते मोठं केलं की नातवाची कुरकुर सुरू होते. खाती वेगळी असली की हा तंटा उरतच नाही.

कपाटात एक आतली तिजोरीही असते. तिची किल्ली प्रत्येकाकडे नसते. संगणकातल्या या किल्लीला 'ॲडमिनिस्ट्रेटर'चा अधिकार म्हणतात. ज्याच्या खात्याला तो आहे, त्याला नवे प्रोग्रॅम सगळ्यांसाठी बसवता येतात, सुरक्षेची व्यवस्था बदलता येते, दुसऱ्याचं खातं उघडता किंवा पुसताही येतं. दुसरा प्रकार 'स्टँडर्ड' खात्याचा, म्हणजे साधं खातं. त्यात आपलं रोजचं काम सगळं करता येतं. पण घराच्या पायाला हात घालता येत नाही.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट

एका यंत्रावर अनेक माणसं, हा प्रश्न आपल्या घरात आज आला असला तरी संगणकाच्या जगात तो फार जुना आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' नावाची व्यवस्था उभी केली. एक अवाढव्य संगणक तिच्यामुळे अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. मग एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. आपण आज दिवसातून दहा वेळा टाइप करतो त्या पासवर्डचं मूळ या सामाईक यंत्रात आहे.

पुढची हकीकत जास्त बोधक आहे. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तिथल्या एका संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून मिळवली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम उरकलं. ही गोष्ट पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानं स्वतःच सांगितली. सगळ्यांच्या किल्ल्या एकाच उघड्या खुंटीला टांगल्या, की असं होतं.

दुसरी हकीकत खुद्द कॉर्बातो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली होती. एका शुक्रवारी संध्याकाळी जो कोणी सीटीएसएसवर आला, त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी झळकली! कोणी शत्रूनं हल्ला केला नव्हता. व्यवस्थेची देखभाल करणारी दोन माणसं एकाच वेळी, एकाच सामाईक जागेत काम करत होती. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल सुधारत होता. त्या जागी एका वेळी एकच माणूस असणार, असं धरून प्रोग्रॅम लिहिलेला होता. त्यामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. दोघेही जाणकार, दोघेही प्रामाणिक. पण एका नावावर दोघं बसले आणि घोटाळा झाला. आपल्या घरात तर एका नावावर पाच जण बसतात.

घरापर्यंत येताना

मोठ्या संगणकांनी हा धडा लवकर घेतला. घरगुती संगणकाला मात्र वेळ लागला. विंडोज ९८ ज्यांनी वापरलं असेल त्यांना आठवेल, सुरुवातीला पासवर्डची चौकट यायची आणि 'कॅन्सल' दाबलं की सरळ आत जाता यायचं. दाराला कडी होती, पण ती दाखवण्यापुरती. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि घरोघरी संगणक येऊ लागले. त्याच वर्षी विंडोज एक्सपी आलं. निळ्या पडद्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि शेजारी बदक, फुटबॉल, बुद्धिबळाची सोंगटी अशी चित्रं, हे दृश्य त्या काळातल्या मुलांना पाठ आहे. पण त्यातही एक गोम होती. संगणक बसवताना घातलेल्या प्रत्येक नावाला आपोआप ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मिळायचा. म्हणजे कप्पे पाच आणि तिजोरीच्या किल्ल्याही पाच! २००७ साली घरोघरच्या वापरासाठी व्हिस्टा आलं आणि 'हे करू का?' असं विचारणारी चौकट सुरू झाली. लोक तिला कंटाळले, न वाचता 'येस' दाबू लागले. ती सवय अजून सुटलेली नाही.

एकाच खात्यात काय काय होतं

पहिली गोष्ट सरमिसळीची. मुलीनं प्रोजेक्टसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडलं, तर पुढचा माणूस बसला की तिचे निरोप त्याच्यासमोर येतात. मुलानं वडिलांच्या ब्राउझरमध्ये आपलं गुगल खातं जोडलं आणि विचारल्यावर 'हो' म्हटलं, तर दोघांचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड एकमेकांत मिसळू शकतात. यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल आहे. चांगलं आहे, पण ते सोयीपुरतं. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात जायला तिथे सहसा कुलूप नसतं. कुलूप असतं ते संगणकाच्या खात्याला.

दुसरी गोष्ट धोक्याची. मुलानं फुकटचा खेळ म्हणून काही उतरवलं, आजोबांनी 'तुमचं पार्सल अडकलं आहे' अशा निरोपावर क्लिक केलं, तर जो प्रोग्रॅम आत येतो त्याला क्लिक करणाऱ्याचे अधिकार मिळू शकतात. ते खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असेल तर एका 'येस'वर सगळं घर त्याच्या ताब्यात जातं. खातं साधं असेल तर अशा वेळी संगणक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. तो आजोबांकडे नाही, नातवाकडे नाही. त्यामुळे 'बाबा, जरा इकडे या' असं म्हणावं लागतं. त्या दोन मिनिटांत पुष्कळ संकटं टळतात. मात्र साधं खातं म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम त्या एका खात्यातल्या फाइलींचं नुकसान करू शकतो. बाकीच्या चौघांच्या फाइलींपर्यंत पोचणं मात्र त्याला अवघड जातं. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायला हवी.

तिसरी गोष्ट मानाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, मग वेगळी खाती कशाला?' असं बरेच जण विचारतात. श्रोतेहो, टपालाच्या काळात एकत्र कुटुंबातही दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडू नये, असा शिष्टाचार होता. सासरी आलेल्या सुनेला माहेरून पत्र आलं तर ते तिच्याच हाती द्यावं, यात काही लपवालपवी नव्हती; तो तिचा मान होता. वयात आलेली मुलगी डायरी लिहिते, पत्नी आपल्या आजाराविषयी डॉक्टरांनी पाठवलेला अहवाल वाचते, आजोबा मृत्युपत्राचा मसुदा करतात. या गोष्टी त्यांनी आपण होऊन सांगाव्यात. दुसऱ्याला त्या संगणक उघडताच सापडू नयेत.

बसल्या जागी करायचं काम

हे सगळं करायला पैसे लागत नाहीत. सुटीची एक दुपार पुरते. ज्या घरात आजवर एकच खातं आहे, त्यांनी क्रम नीट सांभाळावा. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'अकाउंट्स', त्यात 'अदर युजर्स' अशा वाटेनं जा. तिथे आधी एक नवं खातं करा आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार द्या. नाव काहीही ठेवा. मी त्याला 'किल्ली' म्हणेन. मग या 'किल्ली' खात्यात जाऊन वडिलांचं जुनं खातं 'स्टँडर्ड' करा. त्यांच्या फाइली जिथल्या तिथे राहतात, काहीही हलवावं लागत नाही. त्यानंतर बाकीच्यांची साधी खाती उघडा. प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टचं ई-मेल खातं हवंच असं नाही. नाव जोडताना 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाचा पर्याय निवडला, की पुढे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय नाव जोडण्याचा पर्याय मिळतो.

तिथे एक गंमत होते. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावेत म्हणून संगणक तीन प्रश्नांची उत्तरं मागतो. तुमचा जन्म कोणत्या गावी झाला, लहानपणी काय नावानं हाक मारत, पहिली शाळा कोणती! परक्यासाठी हे प्रश्न ठीक आहेत. पण घरातल्या कोणाला ही उत्तरं ठाऊक नसतात? म्हणून खरी उत्तरं देऊ नका. गावाच्या जागी भाजीचं नाव द्या, संगणक तपासायला येत नाही. फक्त काय लिहिलं ते कागदावर टिपून ठेवा.

मुलांच्या फाइली वडिलांच्या कप्प्यात असतील तर त्या 'पब्लिक' नावाच्या सामाईक फोल्डरमधून द्याव्यात. आधी नक्कल करा, मुलाच्या खात्यातून ती उघडते का बघा, आणि मगच मूळ फाइल पुसा. लग्नाचे, सहलींचे फोटो याच सामाईक फोल्डरमध्ये ठेवले की सगळ्यांना बघता येतात. पाहुण्यांसाठी एक साधं खातं वेगळं ठेवावं. पूर्वी विंडोजमध्ये 'गेस्ट' असं खातं तयार मिळायचं, विंडोज १० पासून ते सहज चालू करता येत नाही.

रोजच्या वापरात दोन सवयी पुरतात. दोन मिनिटांसाठी उठायचं असेल तर विंडोजचं बटण आणि 'एल' एकदम दाबावं; पडदा बंद होतो, काम तसंच राहतं. काम संपलं असेल तर 'साइन आउट' करावं. नुसतं दुसऱ्याच्या खात्यात गेलं तर पहिल्याचे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात आणि चार-आठ जीबी मेमरीचा संगणक दमून जातो. 'संगणक हळू झाला' या तक्रारीमागे कधी कधी एवढंच कारण असतं.

आणि एक मोठी खबरदारी. मुलगा शिकायला परगावी गेला म्हणून त्याचं खातं काढून टाकावंसं वाटतं. 'रिमूव्ह' दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत खात्याबरोबर त्याची माहितीही पुसली जाईल, असं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दहावीपासूनच्या त्याच्या सगळ्या फाइली त्या एका बटणानं जातात.

किल्ली कोणाकडे?

आता मुख्य प्रश्न. खाती झाली, कप्पे झाले. तिजोरीची किल्ली कोणाकडे ठेवायची?

बहुतेक घरांत ती न विचारताच वडिलांकडे किंवा संगणकातलं कळणाऱ्या थोरल्या मुलाकडे जाते. ज्याच्याकडे ती असेल त्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या खात्यातली माणसं एकमेकांपासून सुरक्षित असतात, ॲडमिनिस्ट्रेटरपासून नव्हे. तो मनात आणलं तर कोणाचंही फोल्डर उघडू शकतो. त्याच्यावर अंकुश आहे तो त्याच्या सभ्यपणाचा. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनी लक्ष ठेवणं रास्त आहे. वेळेची मर्यादा घालायची, कोणती संकेतस्थळं पाहिली ते कळायची सोयही असते. पण ती लावली आहे हे मुलाला सांगून लावावी आणि वय वाढेल तशी सैल करत न्यावी. घरातल्या सज्ञान माणसाच्या बाबतीत असं लक्ष ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही, पतीलाही नाही आणि मुलालाही नाही.

कोणाचा पासवर्ड हरवला तर ॲडमिनिस्ट्रेटर तो बदलून देऊ शकतो. पण तसं केल्यावर त्या खात्यात ब्राउझरनं जपलेले पासवर्ड जाऊ शकतात. हा शेवटचा उपाय आहे.

आणखी एक किल्ली आहे, जिच्याविषयी फार थोड्या घरांत बोललं जातं. अलीकडच्या बऱ्याच विंडोज ११ संगणकांवर ॲडमिनिस्ट्रेटरनं पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला, की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. संगणक चोरीला गेला तरी माहिती वाचता येऊ नये, हा तिचा हेतू. उद्या दुरुस्तीत काही भाग बदलला किंवा काही बिघाड झाला तर संगणक ४८ अंकी क्रमांक मागतो. तो क्रमांक ज्या खात्यानं पहिला प्रवेश झाला, त्या खात्यात साठवलेला असतो. आता विचार करा. ते खातं दुकानदाराच्या ई-मेलचं असेल तर? किंवा ज्यांचं होतं ते वडीलच हयात नसतील तर? वीस वर्षांचे फोटो, विम्याची कागदपत्रं, घराच्या कराराच्या प्रती डिस्कमध्ये सुखरूप असतात आणि घरातल्या कोणालाही त्या दिसत नाहीत. घरात दुःख असताना त्यात ही भर पडते.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे सध्या अनेक घरांत नवे संगणक येत आहेत. नवा संगणक घरी आला की पहिला प्रवेश घरातल्याच माणसाच्या खात्यानं होऊ द्या. दुकानात कोणाच्या नावानं तो सुरू करून दिला आहे, हे विचारून घ्या. तो ४८ अंकी क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्या. 'किल्ली' खात्याचा पासवर्ड आणि त्या प्रश्नांची आपण दिलेली उत्तरंही त्याच कागदावर लिहा. तो कागद पाकिटात घालून, पाकीट बंद करून, घराची महत्त्वाची कागदपत्रं जिथे असतात तिथे ठेवा. आणि तो कुठे आहे हे घरातल्या किमान दोन सज्ञान माणसांना सांगा. पाकीट फुटलेलं दिसलं तर ते का फोडलं हे विचारता येतं. एकाच माणसाच्या डोक्यात असलेली किल्ली मात्र त्याच्याबरोबर जाते.

पूर्वी घरातली मोठी बाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावायची. कपाटात कोणाचा कप्पा कोणता हे तिला ठाऊक असायचं. पण दुसऱ्याच्या कप्प्यात ती उगाच हात घालायची नाही आणि वेळ आली की जुडगा सुनेच्या हाती द्यायची. संगणकाच्या किल्लीचं काम याहून वेगळं नाही. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, प्रत्येकाला त्याचा कप्पा द्या, आणि किल्ली कोणाकडे, दुसरी कुठे, हे सगळ्यांसमोर ठरवा.